भुशाचा वास

मामा, दुकान बंद आहे. काळजीचं काही नाही. हातात कामं आहेत, गिऱ्हाईकं थांबायला तयार झाली आहेत, आणि मशीनवर मी जुनी चादर टाकून ठेवली आहे. दुपारची वेळ आहे. घरात सगळे झोपले आहेत आणि मी ओट्यावर बसून तुम्हाला लिहितो आहे. मधल्या खोलीत तुमची नात निजली आहे, आणि तिच्या कुशीत तिची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आपल्याकडे आली. तुम्ही गेलात तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती, पाटीवर उलटा सुलटा 'क' काढून तुम्हाला दाखवायची. आता ती स्वतः आई आहे. दवाखान्यातून आणल्यावर ती ज्या खोलीत पहिल्यांदा निजली, त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली तिचं लेकरू निजलं आहे. हे तुम्हाला कळवावं असं वाटलं. आणखीही एक सांगायचं आहे, पण ते जरा सावकाश सांगतो.

तुम्ही सासरे आणि गुरूही. पण तुम्हाला गुरू म्हणायची सोय नव्हती आणि मला शिष्य म्हणायची तुम्हाला नव्हती. मी खकनारकडच्या खेड्यातला, गावच्या सुताराचा मुलगा. आमच्याकडे दुकान म्हणजे निंबाखालची जागा. वडील तोंडात विडी धरून करवत चालवायचे, छिलके वाऱ्यावर उडून जायचे, ठिणगी पडलीच तर मातीत पडायची. आमचं कधी काही जळलं नाही, कारण जळायला भिंतीच नव्हत्या. लग्नानंतर तुम्ही मला शहरात, लोधीपुऱ्यातल्या तुमच्या घरी बोलावलंत, म्हणालात की एकटी लेक आहे, मामी तर आधीच गेल्या, इथंच या आणि कामाला हात लावा. मी आलो. गल्लीतले लोक मला घरजावई म्हणून हसायचे. पानवाला तर मला पाहिलं की विचारायचा, "काय पाव्हणे, मुक्काम वाढला वाटतं?" तुम्ही एकदा त्याला शांतपणे सांगितलंत की पाव्हणा तू आहेस, हा तर मालक आहे. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं नाही, पण आवाज खाली आणला.

तुमचं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते दुकान वाटलंच नाही. समोर ओटा, मग दुकान, त्याच्या मागे मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परस. घर म्हणजे एक लांब डबाच, आणि त्या डब्याच्या तोंडाशीच लाकूड. दुकानात काही झालं तर पुढचं दार गेलं, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी दाखवलंत. म्हणून परसाकडे जाणारी वाट कायम मोकळी. तिथं बादलीही ठेवायची नाही, सायकलही नाही. फळ्या भिंतीला चिकटवून रचायच्या नाहीत, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडायची, कारण डोळ्यांना दिसायच्या आधी तळहाताला कळतं. भुसा जेवणाआधी झाडायचा आणि दिवेलागणीलाही झाडायचा. विजेचं मुख्य बटण दाराबाहेर, संध्याकाळी बंद. आणि जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, परसातल्या तारेवर एक एक पसरून वाळवायच्या, कारण बोळा करून ठेवल्या तर त्या काडी न लावता आपोआप तापतात. शेजारणी त्या चिंध्या पाहून विचारायच्या, हे कोणाचे लंगोट वाळतात म्हणून. तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "लाकडाचे."

मला रागावणं ही तुमची मोठी अडचण होती. जावयाला अरे-तुरे करायचं नाही, जावयावर आवाज चढवायचा नाही, हे तुमच्या हाडात बसलेलं. मग तुम्ही हत्यारांना रागवायचात. माझ्या हातून फळी वाकडी कापली गेली की तुम्ही करवत उचलून समोर धरायचात आणि म्हणायचात, "काय गं, डोळे मिटून चालतेस का? जावईबापू बिचारे सरळ नेत होते तुला." करवत ऐकायची आणि मी घामाघूम व्हायचो. रंध्याला तुम्ही जेवढं बोललात तेवढं एखाद्या सख्ख्या भावालाही बोलला नसाल. एकदा तर ठोकणीला सुनावता सुनावता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण मी माझ्याच अंगठ्यावर ती मारून घेतली होती.

एकदाच तुम्ही सरळ मला बोललात. मी नुकताच आलो होतो. दुकानात विश्वकर्म्याची तसबीर होती, पण तिच्यासमोर ना दिवा ना उदबत्ती, हे मला बरं वाटेना. मी आमच्या गावच्या सवयीने आंघोळ करून उदबत्ती लावली आणि तसबिरीखाली फळीच्या खाचेत खोचली. तुम्ही आत आलात, पाहिलंत, आणि उदबत्तीचं टोक दोन बोटांत धरून विझवलंत. बोटं चटकली असणार, पण तुम्ही तोंड वाकडं केलं नाही. मला राग आला. मी म्हटलं, मामा, देवाला एवढंही नाही का? तुम्ही माझा हात धरून मला ओट्यावर आणलंत. तिथं दाराच्या बरोबर समोर, कठड्याच्या कोनाड्यात काचेच्या चिमणीत एक दिवा होता. तो मी रोज पाहत होतो. मला वाटायचं की येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही मला उंबऱ्याबाहेर उभं केलंत आणि आत बघायला सांगितलंत. तसबिरीच्या काचेत तो दिवा दिसत होता, अगदी देवाच्या छातीशी लावल्यासारखा. "दुरून ओवाळलं तरी त्याला पोचतं, जावईबापू," तुम्ही म्हणालात. "आत लाकूड आहे. लाकडाला भक्ती कळत नाही." मी तेव्हापासून आजपर्यंत ओट्यावरूनच नमस्कार करतो. दसऱ्याला हत्यारांची पूजासुद्धा ओट्यावर मांडतो. हत्यारं बाहेर येतात, आग आत जात नाही.

पण या सगळ्याच्या वर तुमचं नाक होतं. ते तुम्ही कागद कारखान्यातून आणलं होतं. तुम्ही तिथं सुतारकामाच्या खात्यात नोकरीला होतात, आणि गरज पडली की आग विझवणाऱ्यांच्या टोळीत. तुम्ही सांगायचात की कागदासाठी रचलेली बांबूची गंजी आधी आतून शिजते. वर पाखरं बसलेली असतात, सावलीत माणसं डबा खात असतात, आणि पोटात विस्तव असतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून गंजीभोवती फिरून वास घ्यायचा. तीच फेरी तुम्ही निवृत्तीनंतर दुकानात आणलीत. संध्याकाळी काम उरकलं, झाडून झालं, बटण बंद केलं की आपण दोघं आत उभे राहायचो. तुम्ही डोळे मिटायचात आणि विचारायचात, "काय काय येतंय?" मी सांगायचो, सागाचा भुसा, जवसाचं तेल, ओली माती, शेजारची मेथीची भाजी, तुमचा घाम. "आणखी?" मी म्हणायचो, आणखी काही नाही. "मग चला." ज्या वासाचं नाव सांगता येत नाही तो सापडेपर्यंत घरात जायचं नाही, असा तुमचा नेम. एकदा असा एक वास शोधत आपण किती वेळ फळ्या हलवत बसलो, आणि शेवटी तो निघाला माझ्याच खिशातल्या विसरलेल्या शेवेच्या पुडीचा. तुम्ही खिशाला खूप बोललात.

तुमच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मला वाटलं होतं की आता तुमची आणि अक्कांची जुंपणार. अक्का, तुमची थोरली बहीण, बाळंतपण करायला म्हणून आल्या त्या कोळशाची गोणी घेऊनच. सव्वा महिना शेक, सव्वा महिना धुरी, बाजेखाली शेगडी. आणि कुठं? मधल्या खोलीत. म्हणजे एका बाजूला फळीच्या भिंतीपलीकडे दुकान आणि डोक्यावर माळ्यावर रचलेला साग. ज्या माणसाने देवाची उदबत्ती आत येऊ दिली नाही तो शेगडी येऊ देईल हे शक्य नव्हतं. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. तुम्ही माळ्याकडे पाहिलंत, गोणीकडे पाहिलंत, लेकीच्या पोटाकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "जावईबापू, चला, लाकूड बाहेर काढू." बस. एवढंच. दुकान सव्वा महिना बंद. माळा रिकामा केला, भिंतीकडच्या फळ्या काढल्या, सगळं परसात विटांवर रचून ताडपत्री टाकली. एका मोठ्या माणसाच्या घराचा दरवाजा अर्धा होऊन पडला होता, त्याला तुम्ही सांगून आलात की घरात बाळंतीण आहे, दरवाजा थांबेल. मी तेव्हा मनात म्हटलं की शेगडीला एकदा नाही म्हणणं सोपं होतं. आता कळतं की तुम्ही अक्कांना नाही म्हणू शकला असता, पण मग तुमच्या आई नसलेल्या लेकीचं बाळंतपण कोणी एवढ्या मायेने केलं असतं? शेगडीखाली तुम्ही उंच काठाची पत्र्याची परात ठेवलीत, तिच्यात तापीची वाळू भरलीत, आणि अक्कांना म्हणालात की आता पेटव तुला काय पेटवायचं ते.

सगळं नीट होतं, फक्त राख राहिली होती. बाळंतिणीच्या शेगडीची राख पाचवी पुजेपर्यंत घराबाहेर टाकायची नाही, नजर लागते, ही अक्कांची रीत. ते त्यांनी आपल्याला सांगितलंही नव्हतं, कारण पुरुषांना काय सांगायचं. त्या राख एका गोणपाटात भरून मधल्या खोलीच्या दाराआड ठेवत होत्या. आणि तिथंच, ओल लागू नये म्हणून, त्यांनी बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तापवायला मागून घेतलेलं कोरड्या भुशाचं पोतं ठेवलं होतं. दोन्ही एकमेकांना टेकून.

ती दुपार मला आजच्यासारखी दिसते. अशीच दुपार आहे. आत अक्का घोरत आहेत, तुमची लेक आणि चार दिवसांची पोर झोपली आहे, आणि आपण दोघं इथंच ओट्यावर चहा पितो आहोत. तुमची बशी ओठाशी गेलेली आणि तिथंच थांबते. तुम्ही म्हणता, "भुसा." मी नाक वर करतो. मला चहाचाच वास येतो. तुम्ही बशी खाली ठेवता, न सांडता, आणि आत जाता. धूर नाही. ज्योत नाही. आत सगळं शांत. तुम्ही दाराआड वाकता, पोत्याला तळहात लावता आणि झटकन मागे घेता. मी पोतं उघडायला पुढे होतो, तर तुम्ही मान हलवता. उघडलं की हवा लागेल आणि भडका होईल. मग तुम्ही ते पोतं लहान मुलाला घ्यावं तसं छातीशी धरता, आणि मी पुढे धावत दारं उघडतो. स्वयंपाकघर, मग परस. वाटेत काही नाही. बादली नाही, सायकल नाही. त्या मोकळ्या वाटेचा अर्थ मला त्या दिवशी कळला. परसाच्या मध्यावर, ताडपत्रीपासून लांब, तुम्ही पोतं ठेवलंत आणि हौदातलं पाणी ओतलंत, तेव्हा कुठं त्यातून धूर निघाला, असा की शेजारचे भिंतीवर चढून पाहायला लागले. तुमच्या सदऱ्याला छातीवर भोक पडलं होतं आणि दंडावरची कातडी लाल झाली होती. मधल्या खोलीत कोणाला जाग आली नव्हती.

जाग आल्यावर अक्का रडायला लागल्या. आग लागली असती म्हणून नाही, तर राखही बाहेर गेली म्हणून, कारण मी घाईघाईत मागून ते गोणपाटही बाहेर आणलं होतं. "पाचवीच्या आधी राख बाहेर गेली रे," त्या म्हणत होत्या. "आता माझ्या नातीला काही झालं तर?" मला वाटलं, आता तरी तुम्ही बोलाल. दंडाला कांद्याचा रस लावत तुम्ही त्या भिजलेल्या पोत्यापाशी गेलात आणि त्यालाच म्हणालात, "का रे गड्या, घरात अक्का असताना तुला बाहेर जायची एवढी घाई?" अक्का रडता रडता हसल्या. मग तुम्ही दुकानातून पॉलिशचा एक जुना रिकामा डबा आणलात, घट्ट झाकणाचा. घासून पुसून त्याला तीन पाय ठोकलेत. हळदीकुंकवाची बोटं ओढलीत, आणि तो दोन्ही हातांनी अक्कांच्या ओटीत ठेवलात, जशी साडी ठेवतात तसा. राख घरातच राहील, फक्त ह्या डब्यात राहील, झाकण लावून, विटांवर, असं म्हणालात. परसातली थोडी राख चमच्याने परत आत आणून तुम्ही स्वतः त्यात घातलीत. पाचवीला अक्कांनी सटवाईबरोबर त्या डब्यालाही पुजलं. पुढे तो डबा गल्लीतल्या कितीतरी बाळंतपणांना फिरून आला. लोकांना वाटायचं की तो शकुनाचा आहे. तो होताच.

त्या संध्याकाळी तुम्ही लेकीजवळ बसून पोरीला मागून घेतलंत. डागलेला हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातावर तिला घेतलंत, तिच्या टाळूवर नाक टेकवलंत, डोळे मिटलेत. मी सवयीने विचारलं, मामा, काय काय येतंय? तुम्ही पुन्हा एकदा श्वास ओढलात. मग म्हणालात, "ओल्या सागाचा भुसा. नुकता पडलेला." तुमच्या लेकीने डोळे पुसले आणि म्हणाली, बाबांना स्वर्गातही भुशाचाच वास येणार.

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी तापाची मोठी साथ आली, तिच्यात आम्ही दोघंही पडलो होतो. ताप उतरला, खोकला गेला, हिला, म्हणजे तुमच्या लेकीला, वास पुन्हा यायला लागला. मला आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून मी वाट पाहिली. सकाळी चहाचा कप नाकाशी धरायचो, हळद, हिंग, थिनरची बाटली, काहीही. मधल्या काळात ही एकदा सहज म्हणाली होती की ज्या घरात नाक नाही त्या घरात लाकूड ठेवू नये, बाबा असते तर दुकान उचलून बाहेर नेलं असतं. मग तिने विचारलं, आला का वास? मी म्हटलं, आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तुमची फेरी करतो. आत उभा राहतो, डोळे मिटतो, नाक ओढतो, आणि मनात सागाचा भुसा, तेल, माती, शेजारची भाजी अशी नावं घेतो, जशी एखाद्याला अर्थ न कळता स्तोत्र पाठ असतं. मग फळ्यांमागच्या फटीतून हात फिरवतो, मोटारीला हात लावून पाहतो, थिनरच्या डब्यांची झाकणं दाबतो. हाताला जे कळतं त्यावर आजवर चाललं. देवाची कृपा आहे.

पण पोर बाळंतपणाला येणार म्हटल्यावर नुसत्या हातावर भागणार नव्हतं. आता दुकानात नुसता साग नाही, मामा. प्लायवुड आहे, फेव्हिकॉल आहे, पॉलिश आणि थिनरचे डबे आहेत, मशीनचा बारीक भुसा नळीच्या दिव्यावरसुद्धा बसतो. तुमची नात इंदूरहून आली तीच डॉक्टरणीचे कागद घेऊन. आई-लेकीची जुंपली. ही म्हणते, शेक आणि धुरी झालीच पाहिजे. ती म्हणते, "मम्मी, धुरी बिलकुल नाही हां. मॅडमने साफ मना केलंय, बाळाच्या आसपास धूर नको म्हणून." ही म्हणाली, "तुला दिली होती धुरी. काय झालं तुला?" ती म्हणाली, "चष्मा लागला." शेवटी ठरलं ते असं, की खोलीत विस्तव नाहीच. शेगडी परसात तुमच्या परातीतल्या वाळूवर, कपडा तिथं गरम करायचा आणि आत न्यायचा, आणि शेक फक्त आईला. राख तुमच्या डब्यात. माळ्यावरून तो डबा काढला तर हळदीची बोटं अजून पुसट दिसत होती.

विस्तव घरात येणार नव्हताच, तरी मी दुकान रिकामं करायला घेतलं. पलीकडच्या गल्लीत एक पॉवरलूमची शेड बंद पडली आहे, मालकाने सव्वा महिन्यासाठी दिली. हातगाडीवर फेऱ्या मारून सगळा माल तिकडे नेला. ही म्हणाली, एवढं कशाला? माझा जावई फोनवर म्हणाला, "पप्पाजी, इतनी मेहनत कशाला करता? मी स्मोक अलार्म पाठवतो, तो लावून घ्या." आणि खरंच पाठवला. पांढरी बशी असते तशी ती वस्तू, छताला लावतात. तो आम्ही आधी मधल्या खोलीत लावला, तर हिने मिरचीची फोडणी दिली आणि तो असा किंचाळला की बाळंतीण हसून हसून टाके सांभाळत बसली. ही खाली उभी राहून त्याला सुपाने वारा घालत होती. "जावयाने नाक पाठवलं, तेही शिंकणारं," ती म्हणाली. आता तो दुकानात आहे. पाहा, तुम्ही जावयाला घरात आणलंत, आणि आता माझ्या जावयाने नाक पाठवलं. मी त्यालाही एकदा रागवून पाहिलं, तुमच्यासारखं, हात वर करून. तुमच्याइतकं जमत नाही.

गल्लीतले लोक म्हणतात की सासऱ्याची रीत राखली. मी मान हलवतो. तुम्ही दुकान बंद केलंत ते विस्तव घरात येणार होता म्हणून. मी बंद केलं ते विस्तव आला तर मला कळणार नाही म्हणून. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

काल दुपारी तान्हीला आंघोळ घातली. थंडी लागली होती, नाक भरलं होतं, म्हणून हिने लसूण आणि ओवा घालून तेल कढवलं आणि तिच्या टाळूवर, पायांच्या तळव्यांवर चोळलं. मग दुपट्यात गुंडाळून तिला माझ्याकडे दिलं. अगदी हातभर जीव, डोळे मिटलेले, तोंडाचा चंबू. तुमची नात उशीला टेकून म्हणाली, "पप्पा, टाळूचा वास घ्या ना. आबा माझा घ्यायचे म्हणे." मी नाक टेकवलं. मऊ लागलं. ऊब लागली. टाळूखालची धडधड ओठांना कळली. बाकी काही नाही, जसं भिंतीला नाक लावावं. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी डोळे मिटले आणि तुमचं वाक्य सांगितलं. म्हटलं, ओल्या सागाचा भुसा, नुकता पडलेला. पोरगी खूश झाली. तिने ती गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे. पण हिच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. अख्ख्या खोलीत लसूण दरवळत असणार, हे मला तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर सुचलं. ती वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी मी नेहमीसारखा दुकानात गेलो. रिकाम्या दुकानात फेरी कसली, पण सवय. मागून पावलं वाजली. एरवी ही फेरीच्या वेळी येत नाही, तिला दिवेलागणीची घाई असते. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पदर सावरला, डोळे मिटले, आणि श्वास ओढला, अगदी तुमच्यासारखा, खांदे वर करून. मग एक एक करत मोठ्याने सांगू लागली. "जुना साग. भिंतीचा चुना. त्या अलार्मचं प्लास्टिक. शेजारी वांगं भाजतायत. आपल्या घरातला लसूण." थोडी थांबली. पुन्हा श्वास घेतला. "आणखी काही नाही," ती म्हणाली. "चला, दिवा लावा."

तिने विचारलं नाही, आणि मी अजून सांगितलं नाही. आज संध्याकाळी ती पुन्हा येईल असं वाटतं. आली तर मी आधी विचारणार आहे, काय काय येतंय म्हणून. माल परत आणायचा की शेडमध्येच दुकान थाटायचं, हे आता आम्ही दोघं मिळून ठरवू.

हा कागद दुकानात ठेवत नाही. कागद म्हणजे पातळ केलेलं लाकूडच, असं तुम्हीच म्हणायचात. पाचवी झाली, राख तापीत सोडून आलो, डबा रिकामा आहे. त्यातच घालतो आणि झाकण लावतो. फक्त एवढं सांगायचं राहिलं. रोज ओट्यावर दिवा लावून मी आत तसबिरीकडे बघत हात जोडतो, तेव्हा हिला आणि गल्लीला वाटतं की मी घरादारासाठी, लाकडासाठी मागतो. तसं नाही, मामा. ते मी देवावर सोडलं आहे. मी फक्त त्या टाळूचा वास मागतो. एकदाच आला तरी चालेल, लसणाचा आला तरी चालेल.